ओढ्यातला पालथा दगड

मी ओढ्यात पालथी पडले होते. पदर खोचलेला, उजवा हात खांद्यापर्यंत दगडाखाली, गाल ओल्या वाळूला टेकलेला आणि एक चप्पल निवांत वाहून चाललेली. तेवढ्यात डोक्यावर सावली पडली.

"आवं बाई, खेकडं धरताय व्हय?"

मान वळवून वर पाहिलं. एक उंच, काटक म्हातारी धुण्याची पाटी कमरेवर घेऊन उभी होती. तिच्या मागे आणखी चार-पाच जणी. आणि त्यांच्या मागे, काठावरच्या करंजाखाली, माझी नणंद, मालनवन्सं, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला वाटलं, रडतायत. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या.

"या दगडाच्या खालच्या अंगाला कोरलेलं आहे काहीतरी," मी तशीच पडल्या पडल्या म्हणाले. "बोटांना लागतंय. उलटा करून बघायला हवा."

"उलटा?" म्हातारीनं पाटी खाली ठेवली. "आन मग धुणं कशावर धुवायचं? तुमच्या पाठीवर?"

बाया खदखदून हसल्या. वन्सं तर मटकन खालीच बसल्या. मला राग यायला हवा होता, कारण मला राग पटकन येतो, आमचे हे तर म्हणतात की नाकाच्या शेंड्यावरच असतो. पण त्या दिवशी आला नाही. दोन वर्षांत वन्सं हसल्या नव्हत्या हो. त्या हसण्यापायी मी आणखी एक चप्पल वाहू दिली असती.

आता या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात महानगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. वन्संचे यजमान अचानक गेले, आणि वर्षभरानं त्या साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. सासरच्यांनी हाकललं वगैरे काही नाही. फक्त घरात मंगळागौर असली की वन्संना मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं, बारसं असलं की कुणीतरी घर राखायला लागायचंच. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. आमच्या घरी त्यांना कुणी मागच्या खोलीत बसवलं नाही, तर त्या आपणहून जाऊन बसल्या. तांदूळ निवडायच्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. छत्तीस वर्षांची धडधाकट बाई, आणि दाराची बेल वाजली की उठून आत जायची.

मी बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी थाप मारली. म्हटलं, मला रविवारी खेडोपाडी जाऊन जुनी देवळं, जुने कोरीव दगड काढायचेत कागदावर, शाळेच्या प्रदर्शनासाठी. एकटीला भीती वाटते, सोबतीला चला. मला आयुष्यात झुरळाशिवाय कशाची भीती वाटलेली नाही, हे वन्संना पुरतं ठाऊक होतं. तरी आल्या. बहुधा नाही म्हणायचाही कंटाळा आला असेल.

तर दर रविवारी आम्ही नणंद-भावजया डबा बांधून स्वारगेटला एसटीत बसायचो आणि पाटीवरचं नाव आवडेल त्या गावाला जायचो. शहरापासून तासा-दीड तासावर इतकं काही पडलेलं असतं, पण बघायला जातंय कोण? रविवारी सगळी जनता आपली सिंहगडावर, पिठलं-भाकरी खायला. आम्ही पारावर जाऊन विचारायचो, "गावात जुने दगड आहेत का हो?" लोक आम्हाला कधी वेडं समजायचे, कधी जमीन बघायला आलेलं गिऱ्हाईक. पण मिळायचं काही ना काही. कुठे गोठ्याच्या भिंतीत नंदी, कुठे विहिरीच्या पायरीला लढाईत पडलेल्या वीराची शिळा, तिच्यावर लोक पाय पुसून घरी जायचे. मी चित्र काढायची आणि वन्सं शेजारी बसून राहायच्या. बसून राहायच्या, बस. बघायच्यासुद्धा नाहीत.

आणि मग हे पिंपरटेक. भोरच्या वाटेवर आत वळलं की डोंगराच्या कुशीत दडलेलं. उन्हाळ्यानं ओढा आटत आला होता, त्यामुळे धुण्याचा दगड एका बाजूनं उघडा पडला होता. पुरुषभर लांबीचा, नीट घडवलेला. असा घडवलेला दगड आपोआप ओढ्यात येत नाही. म्हणून मी हात घातला.

"आत काय लागतंय सांगू?" मी उठून बसत म्हातारीला म्हणाले. तिचं नाव चांगुणाबाई, हे तोवर कळलं होतं. "वर सूर्य आहे, चंद्रकोर आहे. खाली एक हात आहे, कोपरात वाकवलेला, आणि त्याच्याजवळ उभं लांब पातं. तलवार आहे. वीराचा दगड आहे हा, चांगुणाबाई."

"आसंल. पर माझ्या सासूनं ह्याच्यावर धुतलं, तिच्या सासूनं धुतलं. आम्हाला काय त्यानं तलवार मारली न्हाई."

"त्याला चीर गेलीय, ही बघा, या कोपऱ्यातून. एखाद्या पुरात दोन तुकडे होतील."

"झालं तर झालं. दोघी दोघी धुवू."

मी सरळ सरपंचांकडे गेले. विठोबा कोंढाळकर, धिप्पाड माणूस, पिळदार मिशा. तलवार म्हटल्यावर मिशांवर हात गेलाच. "आवो, कोंढाळकर म्हंजे लढवय्येच. आमचाच कुणीतरी पूर्वज आसणार. देवळापुढं चौथरा बांधून उभा करू त्येला. झेंडा लावू." मग त्यांनी विचारलं, "पर दगड हाय कुठं?"

मी सांगितलं. तशी मिशा खाली आल्या.

"पाणवठ्यावरचा व्हय? मग आवघड हाय. तिथं आमचं काय चालत न्हाई. ती चांगुणाकाकू माझी चुलती लागती. तिनं हो म्हणलं तर मी गडी देतो, पहारी देतो. न्हाई म्हणली तर मला त्यात घालू नका."

मी परत ओढ्यावर. चांगुणाबाई गोधडी आपटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दगडाला दगड द्या. आसाच. मग न्या."

परतीच्या एसटीत मी धुसफुसत होते. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. कात्रजचा घाट उतरताना त्या एकदम म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या रविवारी इकडेच यायचं ना?"

त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी तिथेच ठरवलं, तो दगड उलटा केल्याशिवाय आता सोडायचा नाही. गावानं नाही म्हटलं तरी नाही, ओढ्यानं नाही म्हटलं तरी नाही. दगडाचं काय, पुष्कळ आहेत महाराष्ट्रात. पण या बाईनं रविवारची वाट बघायला सुरुवात केली होती, आणि ती मला मोडू द्यायची नव्हती.

पुढच्या रविवारी आमच्या ह्यांच्या मित्राचा टेम्पो मिळवला आणि एक चांगली जाड शहाबादी फरशी घालून नेली. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "लोक सहलीहून पेरू आणतात. तुम्ही दगड घेऊन सहलीला निघालात." मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना उत्तर देत बसले तर कामं कधी करणार?

फरशी ओढ्याकाठी उतरवली. चांगुणाबाईनं तिच्यावरून तळवा फिरवला आणि बाकीच्यांना म्हणाली, "ह्याच्यावर काय धुयाचं गं? पंगत वाढायची." साबण लावलेलं लुगडं ठेवून दाखवलं. लुगडं साबणासकट सरकत सरकत ओढ्यात गेलं. आम्ही फरशीसकट परत.

त्याच्या पुढच्या रविवारी पाथरवटाकडून घडवून घेतलेला काळा दगड नेला. जात्यासारखी टाकी मारून घेतली होती, घसरायला नको म्हणून. चांगुणाबाईनं आपल्या नातवाची चड्डी त्याच्यावर घासली आणि उंच धरून मला दाखवली. आरपार डोंगर दिसत होता.

"बाई, तुम्ही घरी धुणं धुता का कधी?"

"आमच्याकडे मोलकरीण येते," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"तरीच."

मी भडकले. म्हणजे चांगलीच भडकले. म्हटलं, "मग असा पाहिजे, तसा पाहिजे, एकदा नीट सांगा तरी." तर चांगुणाबाई म्हणे, सांगायचं काय त्यात, धुतलं की कळतं. माझा वाद चालू होता तेवढ्यात मागे छपछप आवाज आला. वळून बघते तर वन्सं. काष्टा मारलेला, गुडघाभर पाण्यात उभ्या, आणि कुणाच्या तरी पाटीतलं धोतर उचलून त्या जुन्या दगडावर सपासप आपटतायत.

"ताई, ऱ्हाऊ द्या की," कुणीतरी म्हणालं.

"असू दे," वन्सं म्हणाल्या. "मला बघू दे."

त्या दिवशी वन्संनी चार घरची धुणी धुतली. मी करंजाखाली बसून चित्र काढायचं सोंग करत होते. पाण्यात त्या सगळ्या बोलत होत्या, मला फक्त आवाज येत होता, शब्द नाही. मध्येच चांगुणाबाई काहीतरी बोलली आणि वन्संनी तिच्या अंगावर पाणी उडवलं. साठीच्या बाईवर. मी वहीत डोकं खुपसून बसले, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

येताना त्या म्हणाल्या, "वहिनी, दगड नवा नकोच. खूप वर्षं वापरलेला पाहिजे. मध्ये किंचित खोलगट, कपडा बसतो. आणि गुळगुळीत, पण चकचकीत नाही." आणि पुढे, "त्या चांगुणाबाईंचे मालक पण त्यांच्या ऐन तिशीत गेलेत. मला म्हणाल्या, पाण्यावर आलं की बरं वाटतं. खरंच वाटतं हो."

आता असा दगड आणायचा कुठून? मी आठवडाभर फिरले. जुना बाजार पालथा घातला, पाथरवट झाले, एका स्मशानाच्या राखणदारालाही विचारून झालं, त्यानं मला हाकललं. सापडला तो वन्संनाच. शाळेची जुनी इमारत पाडायला काढली होती. मी डबा विसरले म्हणून वन्सं द्यायला आल्या. मधल्या सुट्टीत बाहेर येते तर डबा एकीकडे, आणि या आमच्या शाळेच्या दारातल्या दगडी पायरीवर बसून तळव्यानं तिला कुरवाळतायत.

"वहिनी, हा."

मी बघितलं. वर्षानुवर्षं पोरांनी धावत वर जाऊन, धावत खाली येऊन त्या पायरीच्या मधोमध छान खळगा पाडला होता. रोज मी तिच्यावरून जात होते. कधी खाली बघितलं नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, पायरी तुम्ही कशाला नेता? म्हटलं, धुणं धुवायला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी पायरी ओढ्यावर उतरली. चांगुणाबाईनं आधी तळवा फिरवला. मग घरात जाऊन सगळ्यात जड गोधडी आणली, भिजवली, पायरीवर टाकली आणि कंबर कसून आपटली. एकदा, दोनदा. मग उलट बाजूनं. गोधडी जागची हलली नाही. बाया श्वास रोखून बघत होत्या, आणि मीही.

"बरा हाय," ती म्हणाली. एवढंच. पण बाकीच्यांनी लगेच आपापल्या पाट्या उचलून नव्या दगडाशी नेल्या, त्यावरून मी काय ते समजले.

सरपंच पाच गडी आणि पहारी घेऊन आले. सोबत निम्मा गाव. देवळापुढचा चौथरा आधीच बांधून तयार होता, एकानं हार आणला होता, ढोलकीसुद्धा होती. पूर्वज येणार होता ना. गड्यांनी पहारी घातल्या, वाळू उकरली, ओंडके सरकवले. मी ओरडत होते, "चिरेच्या बाजूनं जोर नको, तिकडून उचला." शेवटी एका हुंकारासरशी दगड उभा राहिला, झोकांडला, आणि हळूहळू वाळूवर उताणा झाला.

वाळूचा थर निघाला तसं कोरीव काम दिसायला लागलं. पोटाशी वाळूत दबलेलं, म्हणून जसंच्या तसं राहिलेलं. वर सूर्य-चंद्र, बरोबर. खाली हात, तोही बरोबर. पण तलवार नव्हती. जे पातं म्हणून मी गावभर सांगत सुटले होते, तो एक साधा खांब होता. त्या खांबातून कोपरात वाकलेला हात निघाला होता, तळवा उघडा, बोटं जुळलेली, आणि मनगटापासून खाली बांगड्याच बांगड्या.

मला हे चित्र माहीत होतं. अशा शिळा मी कागदावर उतरवल्या होत्या. नवऱ्याबरोबर चितेवर गेलेल्या बाईचा दगड. तिचा एवढाच हात ठेवतात.

"ही तर सती," कुणीतरी म्हणालं. चपला उतरल्या, हात जुळले. हारवाला पुढे झाला.

सरपंच क्षणभर हिरमुसले, मग त्यांचा चेहरा उजळला. "वीर न्हाई तर न्हाई. सतीमाय निघाली गावाची. देऊळ बांधू. नवसाला पावली तर जत्रा भरंल, पुण्याची माणसं येतील."

मी ऐकत नव्हते. मी वन्संकडे बघत होते. त्या दगडाच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि चेहरा पांढरा पडला होता.  या बाईला मी मागच्या खोलीतून बाहेर काढलं, एसटीतून फिरवलं, हट्टानं, थापा मारून, आणि तीन रविवार जिवाचं रान करून शेवटी आणली ती या दगडासमोर. गावातले गडी हात जोडून उभे होते, नवऱ्यामागे मेली म्हणून. मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो सोडवून घेतला.

वन्सं वाळूत बसल्या. बोटांनी त्या बांगड्यांच्या फटींतली माती काढायला लागल्या. हारवाला घुटमळला.

"हार नको," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण ढोलकीवाल्यानंही ढोलकी खाली ठेवली. "कोवळी असेल हो ही. बांगड्या बघा कशा हातभर भरल्यात. माझा नवरा गेला तेव्हा मीही भरलेल्या हातांची होते. मला कुणी जाळलं नाही, पण मी दोन वर्षं मेल्यासारखीच बसून होते. हिला तेवढंही बसू दिलं नाही."

आमच्या घरी आल्यापासून त्यांनी 'नवरा गेला' हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते. आम्हीही नाही.  

"आवो पर ताई," सरपंच चाचरले, "देवपण हाय ते."

"कुणी इचारून दिलं व्हय तिला?" चांगुणाबाई पुढे आली. पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "इठोबा, दगड आमचा हुता. बाईंनी दगडाला दगड दिला, तवा तो बाईंचा. तुझा कवा झाला? देवळात जाऊन ही पुन्हा धुरातच बसणार. उदबत्त्या, कापूर, आग." तिनं इतर बायांकडे पाहिलं. "काय गं, कुणाची तरी लेक हाय. सासरी जळाली. आज माहेरी आलीया आसं समजा. माहेरवाशिणीला आधी काय करत्यात?"

"न्हाऊ घालत्यात," एक जण हळूच म्हणाली.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. एकीनं हंडा भरून आणला. दुसरीनं घरातून शिकेकाई आणली, तिसरी चूल पेटवून पाणी कोमट करायला बसली. ओढ्याचं पाणी गार असतं म्हणे. पुरुष आपोआप मागे सरकले, जसे ते घरात न्हाणं चालू असताना सरकतात. चांगुणाबाईनं पहिला तांब्या ओतला आणि दुसरा वन्संच्या हातात दिला. त्या सगळ्या जणींनी मिळून तो दगड धुतला. आपटून नाही, चोळून. सूर्य, चंद्र, कोपर, एकेक बांगडी, एकेक बोट. वन्संच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पुसत नव्हत्या, हात कामात होते ना. मीही पाण्यात उतरले. चित्रं पुष्कळ काढली होती, दगडाला असा हात कधी लावला नव्हता.

सरपंच करंजाखाली उभे होते, टोपी हातात. दगड धुऊन झाला तसे ते दोन पावलं पुढे आले.

"मग उभी कुठं करायची तिला?"

"हितंच," चांगुणाबाई म्हणाली. "काठावर. आम्ही रोज हितं बोलतो, हसतो, शिव्या घालतो तुम्हाला. तिलाबी ऐकू दे."

"ते बरोबर हाय, काकू. पर लोक इचारतील ना, हे काय हाय म्हणून. देव न्हाई, वीर न्हाई. मग काय म्हणून ठेवायची?"

चांगुणाबाईनं वन्संकडे पाहिलं.  वन्संनी हातातला तांब्या खाली ठेवला, दगडावरचं उरलेलं पाणी आपल्या पदरानं टिपून काढलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"बाई म्हणून ठेवा," त्या म्हणाल्या.

सरपंचांनी टोपी डोक्यावर घातली आणि गड्यांना नव्या दगडाच्या शेजारी खड्डा घ्यायला सांगितलं.